तिसऱ्या रांगेतली खुर्ची

१

कंपन्यांच्या नोकरभरतीच्या वेबसाइटला कपडे घालणं हा माझा धंदा आहे. असं सांगितलं की लोक हसतात, पण याहून सोपं मला सांगता येत नाही. जिथे नोकरीच्या जाहिराती लागतात आणि अर्ज भरले जातात, ती साइट आम्हाला आयतीच मिळते. सांगाडा सगळ्यांचा एकच. मग प्रत्येक कंपनीला ती आपली वाटावी म्हणून वरचा फोटो कुठला, रंग कुठले, अक्षरं जाड की बारीक, बटणांचे कोपरे गोल की टोकदार, हे मी ठरवते. या सगळ्याला मिळून थीम म्हणतात. साइट लोकांसमोर जाण्याआधी काही दिवस फक्त आम्हालाच दिसते, तो प्रिव्ह्यू. प्रिव्ह्यूमध्ये कितीही घोळ घातला तरी जगात कोणाचं काही बिघडत नाही. निदान अकरा वर्षं मी असंच समजत होते.

काम घरूनच. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेबल, टेबलावर मोठा स्क्रीन आणि माझी पाठ खिडकीकडे. खिडकीचा पडदा कायम अर्धा ओढलेला, नाहीतर काच चमकते आणि रंग खोटे दिसतात. खिडकीच्या उरलेल्या अर्ध्या भागात दादाची खुर्ची.

दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. एका मालवाहतूक कंपनीच्या कागदपत्रांच्या खोलीत त्याने एकोणीस वर्षं काढली आणि एक दिवस कंपनीने ती खोलीच बंद केली. आई गेल्यापासून मी एकटीच होते. म्हटलं, ये राहायला, दोन महिन्यांत काही ना काही मिळेलच. त्याला आता चौदा महिने झाले होते. रोज सकाळी आंघोळ, पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री, पायात बूट, आणि नऊच्या ठोक्याला स्वारी खिडकीतल्या खुर्चीवर हजर. जायचं कुठेच नाही.

"अरे, निदान बूट तरी काढ," मी म्हणायचे.

"राहू दे गं. अचानक फोन आला तर?"

फोन काही येत नव्हता. तो आपला बसायचा आणि हातातलं पेन उघड-मीट करायचा. टिक, टिक, टिक. मी मुळात एका जागी न टिकणारी बाई, दर दहा मिनिटांनी उठून गॅस बंद आहे का बघणारी. त्यात पाठीमागे दिवसभर ते पेन. डोक्यावर मिरे वाटणं म्हणजे काय, ते मला त्या चौदा महिन्यांत कळलं.

२

आमच्या साहेबांना प्रत्येक गोष्ट काल झालेली हवी असते, म्हणून आम्ही त्यांना 'कालच' म्हणतो. तर त्या सोमवारी कालच साहेबांनी नवीन काम पाठवलं. कंपनी कसली ते शेवटपर्यंत मला नीट समजलं नाही. 'नोंदी सांभाळणे' असं लिहिलं होतं. कोणाच्या नोंदी, कशाच्या, काही नाही. बरोबर एक फोटो आणि तिकडच्या मॅडमची चिठ्ठी. या मॅडमचा आवाज मी कधीच ऐकला नाही, आमचं सगळं बोलणं लेखीच.

सगळ्या कंपन्यांना फोटोत दात हवे असतात. चार जण एका लॅपटॉपभोवती जमून खदाखदा हसतायत, असे फोटो मी आयुष्यात हजारभर तरी लावले असतील. ह्या फोटोत एकही दात नव्हता. एक लांबलचक हॉल, फिक्या भिंती, डावीकडे उंच खिडक्या, टेबलांच्या रांगा आणि टेबलांवर वाकलेली माणसं, सगळी पाठमोरी. तिसऱ्या रांगेत एक खुर्ची रिकामी. गडद हिरव्या पाठीची.

"फोटो बदलू नये," मॅडमनी लिहिलं होतं. "रिकामी खुर्ची नीट दिसावी."

मला कल्पना आवडली. ही खुर्ची तुमची वाट बघतेय, असं काहीतरी त्यांना सुचवायचं असणार. फोटोवर बटण ठेवायला मोकळी, गडद जागा लागतेच, ती खुर्चीने आयती दिली. 'आमच्यात या' हे बटण मी बरोबर त्या हिरव्या पाठीवर बसवलं. पांढरी अक्षरं झक्क उठून दिसत होती. मॅडमना पाठवलं तर दोन मिनिटांत उत्तर आलं, "छान. आता जागा काढा."

म्हणजे नमुन्याची जाहिरात टाका. थीम कशी दिसते ते कळायला एखादं खोटं पद, खोटी पात्रता, खोटी तारीख लिहावी लागते. शहाणी माणसं तिथे 'अबकड' लिहून मोकळी होतात. मी विनोद लिहिते. हा खोडसाळपणा एक दिवस तुला भोवेल, असं कालच साहेबांनी मला दोनदा तरी ऐकवलेलं आहे.

३

त्या दुपारी दादाने मला तासाभरात चौथ्यांदा विचारलं, "चहा घेणार?"

"नको रे."

टिक. टिक. टिक.

"अर्धा कप?"

"दादा," मी खुर्ची गर्रकन फिरवली, "तू जरा बाहेर जा ना कुठेतरी. दिवसभर माझ्या मानेवर बसलेला असतोस. मला काम असतं, कळतं का?"

बोलून गेले आणि लगेच जीभ चावली. पण शब्द काही परत गिळता येत नाहीत. तो उठला. पेन खिशाला लावलं. "बरं," एवढंच म्हणाला आणि निघाला.

मी खिडकीतून बघितलं. कुठेही गेला नाही. इमारतीभोवतीच चालत होता, हात मागे बांधून. वरून त्याच्या डोक्यामागची ती खूण दिसत होती, अर्ध्या नाण्याएवढी, जिथे केस कधी उगवलेच नाहीत. ती माझ्या हातची. मी चार वर्षांची असताना त्याची कंपासपेटी त्यालाच फेकून मारली होती. तो एवढा रडला, एवढा रडला की आई म्हणाली, हे पोरगं आहे की भोंगा. तेव्हापासून तो भोंग्या. हे नाव आता या जगात माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. त्याला ते मुळीच आवडत नाही. पण कुठल्याही गर्दीत, कितीही लांबून हाक मारा, भोंग्या म्हटलं की तो चिडून का होईना, वळायचाच.

मला लाज वाटत होती आणि लाज वाटली की मला राग येतो. त्याच रागात मी टेबलाशी बसले आणि नमुन्याची जाहिरात लिहिली.

'पद: जुन्या नोंदी तपासणे. जागा: एक. उमेदवार शांत, वक्तशीर आणि रोज कपड्यांना इस्त्री करणारा असावा. घरात ज्याच्यावाचून कोणाचं अडत नाही, अशा व्यक्तीस प्राधान्य.'

लिहून मी हसलेसुद्धा. तेही खरं सांगितलं पाहिजे.

मग अर्जाचा फॉर्म तपासायचा होता. फॉर्म चालतो की नाही बघायला एक अर्ज भरावाच लागतो. त्याला खरा मोबाइल नंबर हवा होता आणि बायोडेटाची फाइल जोडल्याशिवाय तो पुढे सरकत नव्हता. दादाचा बायोडेटा माझ्याच कॉम्प्युटरवर पडलेला होता, जरा नीटनेटका करून दे म्हणून त्याने महिन्याभरापूर्वी दिलेला. तोच जोडला, नंबरही त्याचाच टाकला. प्रिव्ह्यूमधून कोणाला मेल जात नाही, फोन जात नाही, सगळं जागच्या जागी राहतं. खाली 'एक अर्ज आला' अशी ओळ उमटली. फॉर्म चालत होता.

दादा तीन फेऱ्या मारून वर आला. "हवा चांगली आहे," म्हणाला आणि खुर्चीत बसला. पेन मात्र काढलं नाही.

४

गुरुवारी सकाळी अकराला त्याचा फोन वाजला.

मी वळून बघितलं तर दादा ताडकन उभा राहिलेला, एका हाताने शर्टाची इन नीट करत होता. "हो मॅडम... हो, मीच... सोमवारी? नऊला? हो, येतो ना... इस्त्री? हो हो, रोज करतो मॅडम."

इस्त्री हा शब्द ऐकला आणि सगळं लक्षात आलं.

फोन ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरले होते. "लागली गं," तो म्हणाला. "मी अर्ज केल्याचं आठवतही नाही. इतके पाठवले ना, लक्षात कुठे राहतायत! जुन्या नोंदी तपासायच्या. माझंच काम आहे ते. बघ, आहे अजून जगात तसलं काम."

मी त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तो स्वयंपाकघरात जाऊन बुटाला पॉलिश करायला बसला होता आणि शीळ घालत होता. चौदा महिन्यांत मी ती शीळ ऐकली नव्हती. कुठल्या तोंडाने सांगणार होते मी, की दादा, ती जागा खोटी आहे, ती मी तुझ्यावर चिडून लिहिली?

मॅडमना मात्र लगेच विचारलं. जाहिरात चुकून लोकांना दिसतेय का? तुमच्याकडे हे पद खरंच आहे का?

उत्तर आलं, "नव्हतं. तुम्ही लिहिल्यावर झालं."

दोनदा वाचलं. मग स्वतःला समजावलं. मॅडमनी प्रिव्ह्यू उघडला असेल, तिथे बायोडेटा दिसला असेल, माणूस कामाचा वाटला असेल. लोकांना याहून विचित्र मार्गांनी नोकऱ्या लागतात. मी उठून गॅस बघून आले. बंदच होता.

५

सोमवारी तो नऊला दहा कमी असताना निघाला, पायीच. मी डबा भरून दिला होता, वर दोन फेऱ्यांचं रबर लावून.

"कुठे आहे रे ऑफिस?"

"जवळच."

"जवळ म्हणजे कुठे?"

"नऊला पोचतो ना, म्हणजे जवळच," तो हसून म्हणाला आणि जिना उतरला.

दिवसभर पाठीमागे टिकटिक नव्हती. मला वाटलं होतं कामाचा फडशा पाडेन. कसलं काय, पाच वेळा चहा केला, चार वेळा ओतून दिला. सहाला तो आला. दार लावायला वळला, बूट काढायला वाकला, मग थेट खिडकीत जाऊन बसला.

"काय मग साहेब? कसं काय?"

"चांगलं आहे. डावीकडे मोठ्या खिडक्या आहेत. उजेड भरपूर."

"आणि माणसं?"

"अजून बघितली नाहीत."

"म्हणजे? खोलीत एकटाच आहेस?"

"नाही गं, भरपूर आहेत. पण सगळे पुढे बघून बसतात. कामाची जागा आहे."

त्याचा आवाज शांत होता, समाधानी म्हणावा असा. मी स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडायला घेतला. रबराच्या फेऱ्या मी घातल्या होत्या तशाच होत्या, त्यातला पीळसुद्धा तोच. डबा भरलेला होता.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. "अरे, जेवत का नाहीस?" म्हटलं तर "भूक नव्हती," म्हणायचा. संध्याकाळी ताटावर बसला तर भिंतीकडे तोंड करून. मी टीव्ही बघायचे, तो माझ्या पुढे बुटकं स्टूल घेऊन बसायचा, टीव्हीपाशी, लहानपणी बसायचा तसा. बुधवारी झोपायच्या आधी मी दात घासत होते आणि आरशात स्वतःचं तोंड बघताना एकदम वाटलं की सोमवार सकाळपासून मी दादाचं तोंड बघितलेलं नाही.

हात थांबला. मग म्हटलं, काहीतरीच. एका घरात राहणाऱ्या माणसांची तोंडं कोण मोजून बघतं?

त्याचं पेन खिडकीच्या कट्ट्यावर पडलेलं होतं. ते घेऊन जायला तो पहिल्या दिवशीच विसरला होता.

६

गुरुवारी कालच साहेबांचा फोन. "अगं, तुला झालंय काय? पांढऱ्यावर पांढरं?"

"काय पांढरं?"

"ते बटण. एक अक्षर वाचता येत नाही. सोमवारी सकाळी नऊला साइट लाइव्ह जायचीय आणि तू शाळेतल्या पोरांसारखी चूक करतेस."

"साहेब, मी ते हिरव्या खुर्चीवर ठेवलंय."

"कुठली हिरवी खुर्ची? तिथे माणूस बसलाय."

मी प्रिव्ह्यू उघडला. तोच हॉल, त्याच फिक्या भिंती. तिसऱ्या रांगेत पांढऱ्या शर्टाची पाठ होती आणि माझं बटण त्या शर्टावर विरघळून गेलं होतं.

माझं डोकं तसं ठिकाणावर असतं. पहिल्यांदा वाटलं, त्यांनी फोटो बदलला. म्हणून मॅडमनी पहिल्या दिवशी पाठवलेली मूळ फाइल उघडली. तारीख तीच, वेळ तीच, आकार शेवटच्या आकड्यापर्यंत तोच. त्यातही तो बसलेला. मग वाटलं, पहिल्यापासूनच बसलेला असेल, मलाच खुर्ची रिकामी आठवतेय. माणसाची आठवण दगा देते, मान्य. पण मला काहीही विसरायला होईल, मी स्वतःच्या आईचा वाढदिवस विसरलेली बाई आहे, तरी पांढऱ्या शर्टावर पांढरी अक्षरं मी ठेवणार नाही. अकरा वर्षांत एकदाही ठेवलेली नाहीत. ते बटण तिथे होतं याचाच अर्थ तिथे कोणी नव्हतं.

फोटो मोठा केला. दुप्पट, चौपट. इस्त्रीची घडी दिसली, खांद्यापासून कोपरापर्यंत सरळ. आणखी मोठा केला. चित्र फुटायला लागलं, नुसते चौकोन उरले, तरी डोक्यामागची जागा ओळखू येत होती. अर्ध्या नाण्याएवढी, बिनकेसांची.

उजवा हात टेबलाच्या जरा वर होता, मूठ वळलेली, अंगठा उचललेला. हातात काहीच नव्हतं. अंगठा मात्र पेनची कळ दाबावी तसा धरलेला.

मी खुर्ची मागे ढकलून उठले ती थेट गॅलरीत गेले. खाली माणसं आपापल्या वाटेने चालली होती. रडू येत होतं आणि येतही नव्हतं.

७

शुक्रवारी मी मॅडमना लिहिलं. लाजलज्जा सोडून सगळं लिहिलं. ती जाहिरात खोटी होती, ती मी रागात लिहिली, अर्जही मीच भरला, माझ्या भावाला यातलं काहीच माहीत नाही. कृपा करून ती जागा रद्द करा.

"निवड त्या मजकुरावर झाली आहे," उत्तर आलं. "घरून हरकत आली नव्हती."

"आता घेते हरकत. मी बहीण आहे त्याची."

"मजकूर आपलाच आहे."

मी जाहिरात पुसायला गेले. पुसली जाईना. मग ती शेवटची ओळ तरी बदलावी म्हणून बसले. 'घरात ज्याच्यावाचून कोणाचं अडत नाही' हे खोडलं आणि लिहिलं, 'घरात ज्याची वाट बघतात.' बदल साठवला. चक्र फिरलं, पान पुन्हा उघडलं. जुनीच ओळ होती. पुन्हा लिहिलं. 'ज्याच्यावाचून त्याच्या बहिणीचं अडतं.' चक्र फिरलं, जुनीच ओळ. दुपारी तीनपर्यंत मी तेच करत होते. लिहिताना एकदा लक्षात आलं की हे वाक्य मी त्याला तोंडाने कधीच बोललेली नाही.

निदान ऑफिस तरी गाठावं म्हणून कंपनीचे कागद काढले. पत्त्याच्या रकान्यात नुसता साइटचा पत्ता. दादाचं नेमणुकीचं पत्र त्याच्या टेबलाच्या खणात सापडलं. 'हजर राहण्याचं ठिकाण' असं लिहून पुढे एक लिंक दिली होती. ती माझ्या ओळखीची होती. माझ्याच प्रिव्ह्यूची लिंक होती ती. खाली बारीक अक्षरात, 'साइट लाइव्ह झाल्यावर नेमणूक कायम समजावी.'

सोमवारी सकाळी नऊ. कालच साहेबांना फोन केला, म्हटलं तारीख पुढे ढकला. "काल व्हायला हवी होती," ते म्हणाले. "आणि बटण मी सरकवलंय बाजूला. तू जरा विश्रांती घे बघू."

सहाला दार वाजलं. तो आत आला, दार लावायला वळला, बूट काढायला वाकला. मी त्याच्या वाटेत उभी राहिले. तरी कसा कोण जाणे, तो बाजूने गेला आणि मला पुन्हा त्याची पाठच दिसली.

"दादा, सोमवारी नको जाऊस. नोकरी सोड ती."

"का गं?"

"मी सांगतेय म्हणून. मी तुला ओरडले होते ना त्या दिवशी, ते चुकलं माझं."

"त्यात काय," तो खिडकीकडे जात म्हणाला. "मला चांगलं वाटतं तिथे. कोणाच्या मानेवर बसलोय असं वाटत नाही."

८

रविवारी त्याला सुट्टी होती. सकाळचं ऊन खोलीत अर्ध्यापर्यंत आलेलं. पांढरा शर्ट घालून दादा खिडकीतल्या खुर्चीवर बसला होता, खुर्ची थेट काचेपर्यंत सरकवून, गुडघे भिंतीला लागतील इतकी. त्याचं तोंड बघायचं तर मला काचेतून पलीकडे जावं लागलं असतं.

मी टेबलाशी बसले आणि प्रिव्ह्यू उघडला. सुट्टी असूनही तिसऱ्या रांगेत तो होताच. तोच शर्ट, तीच घडी, तोच उचललेला अंगठा.

म्हणजे माझ्या पुढे एक पाठ आणि मागे एक पाठ. मी कट्ट्यावरून उचललेलं त्याचं पेन हातात धरून बसले होते आणि कधीपासून टिकटिक करत होते कोण जाणे. एरवी हा आवाज ऐकून तो म्हणाला असता, "आता कळलं का, बरं वाटतं ते?"

मी खुर्ची फिरवली. "दादा."

"हं."

"चहा घेणार?"

"नको."

"अर्धा कप?"

शर्टाची पाठ अगदी स्थिर होती. श्वास घेताना माणसाची पाठ किती हलते याच्याकडे मी आजवर कधी लक्ष दिलं नव्हतं. आता दिलं. मी मनातल्या मनात तीसपर्यंत मोजलं. मग मोजायचं सोडून दिलं, कारण ती पाठ हलणार नाही हे मला कळून चुकलं होतं.

उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवावा, एवढीच गोष्ट होती. तीन पावलं. मी उठलेसुद्धा. माझी हिंमत झाली नाही. सख्ख्या भावाच्या खांद्याला हात लावायची मला भीती वाटली, आणि या सगळ्यात मला सगळ्यात वाईट त्याचंच वाटतं.

तेव्हा शेवटचं एक उरलं होतं. मी घसा खाकरला. आई अंगणातून मारायची तशी, दुसऱ्या अक्षरावर आवाज लांबवून, मी हाक मारली.

"भोंग्याऽऽ!"

खिडकीतला माणूस वळला नाही. चिडला नाही, मान हलली नाही, खांदा हलला नाही. हे नाव त्याने कधी ऐकलंच नसावं असा तो बसून राहिला.

मी हळूहळू स्क्रीनकडे वळले.

हॉलमध्ये सगळे पुढे बघत होते. तिसऱ्या रांगेत मघापर्यंत नुसती मान होती, तिथे आता एक कान होता. कानाच्या पुढे गाल, थोडासाच. नव्या ठिकाणी, साहेब बघत असताना, घरच्या कोणीतरी दारातून हाक मारली तर माणूस जेवढा चोरून वळेल तेवढाच तो वळला होता. गाल ओला दिसत होता. पुढच्या रांगेतला एक जण मघापेक्षा जरा ताठ बसला होता.

"दादा," मी स्क्रीनला हात लावून म्हटलं. "भोंग्या, अरे इकडे, इकडे मी..."

मागे खुर्ची करकरली. भिंतीपासून ती सरकल्याचा आवाज आला आणि मग फरशीवर बूट. सुट्टीच्या दिवशीही त्याने बूट घातले होते. पावलं माझ्या खुर्चीमागे येऊन थांबली. माझ्या हातातलं पेन कोणीतरी अलगद काढून घेतलं.

"त्याला हाक नको मारूस," दादाचा आवाज शांतपणे म्हणाला. "कामात आहे तो."